बक्षिसाचे यंत्र : ड्रिल घ्यावे की ग्राइंडर?

कारखान्यात, गोदामात किंवा पेढीवर इमानाने काम करणाऱ्या माणसाला वर्षातून एखादे वेळी बक्षीस मिळते. पूर्वी ते ठरलेले असे. भिंतीवरचे घड्याळ, स्टीलचा डबा, प्रेशर कुकर, फार तर मिक्सर. आता अनेक ठिकाणी मालक चार-पाच वस्तूंची यादी पुढे ठेवतात आणि म्हणतात, यातली एक निवड. दिवाळी, ईद, नोकरीची दहा वर्षे पूर्ण होणे, असे निमित्त असते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. नॅशनल सेफ्टी कौन्सिलची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून हा दिवस धरला आहे. त्या सप्ताहातही वर्षभर अपघात न झालेल्या खात्याला बक्षिसे दिली जातात.

या यादीत अलीकडे विजेची हत्यारे दिसू लागली आहेत. हॅमर ड्रिल, बॅटरीवर चालणारे ड्रिल, अँगल ग्राइंडर आणि जिगसॉ. किंमत थोड्याफार फरकाने सारखी असल्यामुळे मालकाला त्यातले कोणतेही दिले तरी चालते. परंतु घेणाऱ्याच्या घरात या चारांची किंमत सारखी नसते. एक यंत्र दहा वर्षे उपयोगी पडते, दुसरे खोक्यासकट माळ्यावर जाते आणि तिसरे बेसावध माणसाच्या हाती पडले तर दवाखान्याचा खर्च उभा करते. ज्याने कर्ज काढून, दागिने मोडून दोन खोल्यांचे स्वतःचे घर उभे केले आहे, त्याला असे यंत्र पदरचे पैसे घालून सहसा घेता येत नाही. म्हणून ही निवड विचार करून व्हायला हवी.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. लोखंड-लाकडाचे हुनर आमचे नव्हे. परंतु यंत्रमागवाले, जॉबर, सायझिंगचे कामगार, दुकानातील नोकर यांच्याशी आमचा रोजचा संबंध आहे आणि "सेठ, यातले काय घेऊ?" हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा आला आहे. जाणकार मिस्त्री आणि हार्डवेअरवाले यांना विचारून जे समजले, ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

कारखान्यातून घरात आलेले हत्यार

कामाच्या ठिकाणचे हत्यार घरी येणे ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९१० साली ब्लॅक अँड डेकर ही कंपनी निघाली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट तिला १९१७ साली मिळाले. हे ड्रिल कारखान्यांसाठी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील ड्रिल कामगारांच्या घरी जात आहेत, असे कंपनीच्या ध्यानात आले. कामगाराला घरातही भोके पाडायची आहेत, हे त्यावरून मालकांना कळले आणि १९४६ साली कंपनीने घरमालकासाठी स्वस्त ड्रिल बाजारात आणले. घरगुती हत्यारांचा मोठा बाजार त्यातून वाढला.

आपल्याकडे हा माल बराच काळ फक्त कारागिरांच्या हाती होता. मुलुंडच्या राल्लीवुल्फचे ड्रिल जुन्या फिटर लोकांना आठवत असेल. इचलकरंजीच्या शेजारी शिरोळ तालुक्यात कुलकर्णी पॉवर टूल्स म्हणजे आजची केपीटी हा कारखाना १९७० च्या दशकात उभा राहिला. आज मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत गेले तर देशी-विदेशी डझनभर नावांचा माल मिळतो. माल भरपूर झाला की निवड अवघड होते, हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगायला नको.

आधी कामाची यादी, मग यंत्र

आमचा सल्ला सोपा आहे. कॅटलॉग उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि मागच्या वर्षभरात घरात मिस्त्री, सुतार किंवा वायरमन बोलावून कोणती कामे करून घेतली आणि कोणती राहून गेली, ते लिहून काढावे. मालेगावच्या आमच्या ओळखीतल्या एका जॉबरला आम्ही हेच सांगितले. त्याचे मन ग्राइंडरवर होते. मोहल्ल्यातल्या ग्रिलवाल्याकडे ठिणग्या उडताना पाहून त्याला ते यंत्र मर्दानी वाटत असे. यादी मात्र त्याच्या बायकोने सांगितली, कारण घरात काय अडले आहे हे तिलाच ठाऊक होते. पडद्याची दांडी, स्वयंपाकघरातली फळी, ट्यूबलाइटची पट्टी, पाण्याचा फिल्टर, न्हाणीघराच्या दाराची कडी, आरसा, खिडकीची जाळी, कपड्यांची खुंटी, मुलांच्या पुस्तकांचा कप्पा, छपराच्या पत्र्याचे निघालेले स्क्रू आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याचा वाढलेला तुकडा. एकूण अकरा कामे. त्यांतल्या नऊ कामांची सुरुवात भिंतीत, लाकडात किंवा लोखंडात भोक पाडण्यापासून होत होती. पत्र्याला स्क्रू पिळण्याचे काम होते. ग्राइंडरचे काम फक्त एक, कठड्याचे.

प्रत्येक घराची यादी वेगळी असेल, परंतु घरमालकाचे पहिले काम बहुधा भोक पाडणे हेच निघेल. म्हणून ज्याच्या घरात एकही यंत्र नाही, त्याने पहिल्याने हॅमर ड्रिलचा विचार करावा.

हॅमर ड्रिल कसे काम करते

साधे ड्रिल फक्त फिरते. लाकूड आणि लोखंड यांना तेवढे पुरते. वीट, प्लास्टर आणि दगड यांना फिरण्याबरोबर ठोकाही लागतो. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि बिटाला मिनिटाला हजारो बारीक ठोके बसतात. कळ फिरवली की ठोका बंद होतो आणि तेच यंत्र लाकूड-लोखंडासाठी साधे ड्रिल बनते. एका यंत्रात दोन कामे होतात, हा त्याचा खरा फायदा.

विटेच्या भिंतीत ६ किंवा ८ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात गिट्टी ठोकायची आणि स्क्रू पिळायचा, हे काम १३ मिलिमीटर चकचे, ५०० ते ६५० वॅटचे ड्रिल आरामात करते. भिंतीचे बिट वेगळे असते. त्याच्या टोकाला कार्बाइडची टिकली बसवलेली असते. लाकडाचे बिट भिंतीत घातले तर ते तेथेच संपते. फरशीच्या टाइलवर भोक पाडताना ठोका बंद ठेवावा, नाही तर टाइल तडकते. हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीलाही ठोक्याची गरज नसते. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नये, कारण वायर बहुतेक तेथूनच गेलेली असते.

या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब, बीम किंवा कॉलम यांच्यापुढे ते थकते. दोन-चार भोके पडतील, परंतु वेळ लागेल आणि हात भरून येतील. त्यासाठी रोटरी हॅमर नावाचे यंत्र असते. त्यात पिस्टनच्या हवेच्या दाबाने ठोका बसतो, त्यामुळे माणसाला जोर लावावा लागत नाही. परंतु ते जड असते, त्याला खाचेचे खास बिट लागते आणि लाकूड-लोखंडाच्या नाजूक कामाला ते सोयीचे नाही. ज्याचे घर काँक्रीटच्या भिंतींच्या नव्या इमारतीत आहे, त्याने यादीत रोटरी हॅमर असल्यास त्याचा विचार करावा. विटेच्या घराला त्याची गरज नाही.

बॅटरीचे आकर्षण

बॅटरीवर चालणारे ड्रिल पहिल्यांदा १९६१ साली ब्लॅक अँड डेकरनेच आणले. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत भोक पाडले, तेही बॅटरीच्या यंत्रानेच. वायर नाही, वजन कमी, आवाज कमी. पत्र्याच्या छपरावर चढून स्क्रू पिळायचे असतील किंवा कपाटाचे बिजागर बसवायचे असेल, तर यासारखे सोयीचे यंत्र नाही. वीज गेली तरी काम अडत नाही.

मग ते का घेऊ नये? घ्यावे, पण हिशेब करून. बॅटरी हा जिवंत माल आहे. वापरा किंवा ठेवून द्या, ती वयाने म्हातारी होते. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन् महिने माळ्यावर पडली तर ती पुन्हा उठत नाही. ठेवायचीच तर अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवावी. नवी बॅटरी महाग असते आणि एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला लागत नाही. म्हणजे आज यंत्र निवडताना पुढच्या खरेदीचे दुकानही आपण आजच निवडत असतो. वर्षातून चार वेळा हात लावणाऱ्याने वायरचे यंत्र घ्यावे. ते पाच वर्षे पडून राहिले तरी प्लग लावताच चालू होते. आठवड्याला स्क्रू पिळणाऱ्याने, फर्निचर जोडणाऱ्याने किंवा वायरमनचे काम करणाऱ्याने बॅटरीचे घ्यावे.

आकड्यांच्या खेळापासून सावध राहावे. १८ व्होल्ट आणि "२० व्होल्ट मॅक्स" या बहुधा एकाच ताकदीच्या बॅटऱ्या असतात. पाच सेलच्या पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे व्होल्टेज मोजले की २०, आणि कामाच्या वेळचे सरासरी मोजले की १८. कापडात पन्ह्याचा आकडा वाढवून सांगणारे असतात, तसाच हा प्रकार आहे. दुसरी गोष्ट, यादीत "बेअर टूल" किंवा "सोलो" असे लिहिले असेल तर खोक्यात बॅटरी आणि चार्जर नसतात. असे बक्षीस म्हणजे बिनबीमचा माग. हे आधीच विचारून घ्यावे.

ग्राइंडर आणि डोळ्यांची किंमत

आता ज्या यंत्राकडे तरुणांची नजर पहिली जाते, त्याविषयी. अँगल ग्राइंडर जर्मनीत १९५४ साली निघाला. तो काढणाऱ्या कंपनीच्या नावावरून जर्मन लोक आजही त्याला फ्लेक्स म्हणतात. यंत्र उत्तम आहे. सळई कापणे, वेल्डिंग घासणे, गंज काढणे यांत त्याला तोड नाही. ग्रिलवाला, फॅब्रिकेटर किंवा लोहारकाम करणाऱ्या बांधवाने तो डोळे मिटून निवडावा. घरमालकाने मात्र डोळे उघडे ठेवून विचार करावा.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने चकतीचा तुकडा सुटला तर तो डोळा किंवा गळा पाहत नाही. तरीही आपल्याकडे चकती नीट बसत नाही म्हणून गार्ड काढून टाकण्याची आणि त्याच यंत्राला लाकूड कापायचे दातेरी पाते लावण्याची सवय सर्रास दिसते. ते पाते लाकडात अडकले की यंत्र झटक्याने उलटे अंगावर येते. या दोन गोष्टी कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, करू नयेत.

चकतीलाही मुदत असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चांगल्या कंपनीच्या कापण्याच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेले असते. ओलाव्याने आणि वयाने तिचा चिकटा कमजोर होतो. मुदत संपलेली चकती फेकून द्यावी. तीत दहा-वीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसाने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्राइंडरच्या ठिणग्या लांबवर उडतात. ज्या घरात खालच्या खोलीत माग आहेत, कोपऱ्यात सुताच्या गाठी किंवा कापडाचे तागे आहेत आणि जमिनीवर रुईचा भुगा साचला आहे, तेथे ग्राइंडर चालवणे म्हणजे आगीला बोलावणे. आणि माग चालवणाऱ्याची सारी कमाई डोळ्यांवर असते. तुटलेला धागा डोळ्यानेच सापडतो, गाठ डोळ्यानेच मारली जाते. त्या जॉबरला आम्ही एवढेच म्हटले, "भाई, कठड्याचा एक तुकडा ग्रिलवाला थोड्या पैशांत कापून देईल. डोळा कोणत्या दुकानात मिळणार?" त्याने ड्रिल निवडले.

जिगसॉ, शिलाई मशीनचा भाऊ

जिगसॉची गोष्ट कापडवाल्यांना आवडेल. स्वित्झर्लंडमधील सिंटिला या कंपनीत अल्बर्ट कॉफमन नावाचा कारागीर होता. १९४६ च्या सुमारास त्याने बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तेथे करवतीचे पाते लावून पाहिले. सुई जशी वर-खाली जाते, तसे पाते गेले आणि लाकूड वळणदार कापले गेले. पुढच्या वर्षी ते यंत्र बाजारात आले. नंतर ही कंपनी बॉशने घेतली.

प्लायवूड, लाकडी फळी, गोलाई, मधली खिडकी कापणे ही जिगसॉची कामे आहेत. ग्राइंडरपेक्षा हे यंत्र पुष्कळ शांत आहे. सुतारकामाची हौस असणाऱ्याला किंवा दुकानातले रॅक स्वतः करणाऱ्याला ते लाभते. परंतु फळी कापल्यावर ती भिंतीवर लावायला पुन्हा ड्रिलच लागते. म्हणून जिगसॉ दुसरे यंत्र म्हणून चांगले, पहिले म्हणून नाही.

खोके उघडण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

ड्रिल निवडले तरी सगळी ड्रिल सारखी नसतात. घोडा जितका दाबावा तितका वेग वाढणारे आणि उलटे फिरणारे यंत्र असावे. उलटे फिरत नसेल तर स्क्रू काढता येत नाही. बाजूची मूठ असावी आणि ती लावूनच काम करावे, कारण बिट अडकले तर यंत्र मनगट पिळते. "१० मिलिमीटर ड्रिल" एवढेच लिहिले असेल तर त्यात हॅमर आहे की नाही ते विचारावे.

प्लग दोनच पायांचा पाहून घाबरू नये. पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर यंत्राला दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंगची वायर लागत नाही. मात्र बारीक तारेचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. व्होल्टेज पडते आणि मोटर तापते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिल. बक्षिसाच्या वस्तूचे बिल मालकाच्या फायलीत राहते आणि आर्मेचर जळाल्यावर सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतो. बक्षीस घेतानाच बिलाची प्रत आणि वॉरंटीचे कार्ड मागून घ्यावे. त्यात संकोच कसला? आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात त्या कंपनीचे कार्बन ब्रश मिळतात का, हेही पाहावे. ब्रश हा झिजणारा भाग आहे. तो मिळत नसेल तर चांगले यंत्र एका छोट्या तुकड्यासाठी भंगारात जाते.

ड्रिल चालवताना सैल बाही, ओढणी, गळ्यातला रुमाल आवरून घ्यावा. फिरत्या बिटाजवळ सुती हातमोजे घालू नयेत, ते गुंडाळले जातात. डोळ्यांना चष्मा हवाच.

मालक बांधवांसाठी दोन शब्द

जे व्यापारी आणि कारखानदार बक्षीस देतात, त्यांनाही आमचे सांगणे आहे. नुसते यंत्र देऊ नका. त्याबरोबर चार बिटे, गिट्ट्यांची पुडी आणि डोळ्यांचा चष्मा द्या. सुरक्षेचे बक्षीस म्हणून ग्राइंडर द्यायचा आणि चष्मा द्यायचा नाही, हे शोभत नाही. शक्य असेल तर एक तास मिस्त्री बोलावून सर्वांना यंत्र चालवून दाखवा. आणि निवड कामगारालाच करू द्या. घाऊक भावात एकच वस्तू पन्नास नग घेतली की मालकाचे चार पैसे वाचतात, परंतु त्यातले किती नग दुसऱ्या दिवशी कमी भावात विकले जातात, तेही पाहावे.

हिशेबाचे म्हणाल तर, एका कामगाराला आर्थिक वर्षात ५० हजार रुपयांपर्यंत दिलेली भेट जीएसटीच्या दृष्टीने पुरवठा धरली जात नाही. परंतु भेट म्हणून दिलेल्या मालावर जो जीएसटी भरला, त्याचे क्रेडिट कलम १७(५) प्रमाणे घेता येत नाही. ते घेऊन बसल्यास पुढे नोटीस येते. कामगाराच्या हातात येणाऱ्या वस्तूवर आयकराची मर्यादा असते, ती त्या वर्षी किती आहे हे हिशेबनिसाकडून पाहून घ्यावे. आणखी एक, बक्षीस हे बोनसच्या जागी धरू नये. जेथे बोनसचा कायदा लागू आहे, तेथे किमान ८.३३ टक्के बोनस हा कामगाराचा हक्क आहे. हक्क वेगळा, खुशी वेगळी.

थोडक्यात सांगायचे तर, विटेचे घर आणि पहिलेच यंत्र असेल तर वायरचे हॅमर ड्रिल घ्यावे. काँक्रीटच्या भिंती असतील तर रोटरी हॅमर. आठवड्याला स्क्रू पिळण्याचे काम असेल तर बॅटरीचे, पण बॅटरी आणि चार्जरसकट. लाकडाची हौस असेल आणि ड्रिल आधीच घरात असेल तर जिगसॉ. ग्राइंडर ज्याच्या रोजीचे हत्यार आहे, त्यानेच घ्यावा.

मिस्त्रीला बोलावले की एका भोकासाठीही त्याची फेरी भरावी लागते. घरात ड्रिल असेल तर ती फेरी वाचते, शेजाऱ्याचेही काम होते आणि घरातला मुलगा पाहता पाहता एक हुनर शिकतो. उद्या तो वायरमन किंवा सुतार झाला, तर त्याचे पहिले हत्यार बापाने मेहनतीने मिळवलेले बक्षीस असेल. निवड करताना कागदावर सही करण्यापूर्वी एक रात्र थांबा आणि घरच्यांना विचारा. काय अडले आहे ते त्यांना तुमच्याहून चांगले ठाऊक असते.